प्रतीक्षा यादीतले फोन

सरकारी योजनांचं मूल्यमापन हे माझं काम. म्हणजे लोकांना फोन करायचे, तक्ते भरायचे आणि योजनेने काही फरक पडला का ते सांगायचं. तेव्हा बेरोजगार तरुणांच्या प्रशिक्षणाची एक योजना हातात होती. कोर्सच्या आधीची कमाई आणि नंतरची कमाई शेजारी ठेवली की योजना झकास दिसायची. मसुदा लिहून तयार होता.

मॅडमनी तो वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं मागे जा."

मागे गेले आणि पोटात गोळा आला. दोन वर्षांपूर्वी हीच मुलं बरी कमवत होती. नाव नोंदवायच्या जरा आधी कमाई धाडकन खाली आलेली. येणारच, काम सुटलं म्हणून तर माणूस कोर्सला येतो! मी मात्र खड्ड्याच्या तळापासून उंची मोजत बसले होते. ऑर्ली ॲशेनफेल्टर या अर्थतज्ज्ञाने १९७८ साली हाच खड्डा दाखवला होता, अमेरिकेत १९६४ मध्ये प्रशिक्षण घेतलेल्यांच्या कमाईत. परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं.

मग तुलना करायची कोणाशी? जागांपेक्षा अर्ज जास्त आल्यामुळे निवड चिठ्ठ्या टाकून झाली होती. ज्यांचा नंबर लागला आणि ज्यांचा नाही, त्यांच्यात फरक फक्त नशिबाचा. लाभार्थ्यांची माहिती फोटोंसकट हजर होती. उरलेल्यांची एक मळकी फाईल कपाटाच्या वरच्या खणात निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यातले नंबर फिरवायला बसले.

बरेच बंद होते. एक बाई लागल्या, त्या वैतागून म्हणाल्या, "माझा नंबरच लागला नव्हता, मग मला कशाला विचारता?" त्यांना समजावताना माझीच तारांबळ उडाली. चार महिने वाट बघून त्यांनी ओळखीतून काम धरलं होतं. पगार आमच्या प्रशिक्षणार्थींच्या आसपासच. तिसऱ्या-चौथ्या फोनलाही तशीच कहाणी.

दुपारी कोर्स केलेल्या एका मुलाशी बोलले. "कोर्स नसता तर अजून घरीच बसलो असतो," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. पण कोर्स न केलेला तो स्वतः कसा असता, हे त्याला तरी कुठून कळणार? १९३९ मध्ये अमेरिकेत केंब्रिज-सॉमरव्हिल इथे गुन्हेगारीपासून मुलांना वाचवायला पाचशेहून जास्त मुलं घेऊन एक प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना वर्षानुवर्षं समुपदेशन, शिकवणी, शिबिरं. प्रयोग संपल्यावर तीस वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्डनी त्यांना शोधून काढलं, तेव्हा मदत घेतलेल्यांपैकी बहुतेक जण म्हणाले, आमचं भलं झालं. नोंदी उलटंच सांगत होत्या: पुन्हा गुन्हा, दारू, लवकर मृत्यू, सगळ्यांत मदत न मिळालेल्यांपेक्षा तेच पुढे. तो फोन ठेवल्यावर मला हे आठवत राहिलं.

आमचा हिशेब इतका वाईट निघाला नाही. फरक उरला, पण मसुद्यातल्या दाव्यापुढे अगदीच थोडा.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "म्हणजे फेल?"

मी म्हटलं, इतक्यात नको. १९९४ पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत गरीब वस्तीतल्या कुटुंबांना चांगल्या वस्तीत घरभाड्याची मदत दिली गेली. मोठ्यांच्या कमाईत काहीच फरक दिसेना, म्हणून लोक नाक मुरडून मोकळे झाले. पुढे २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, तर वयाच्या तेराव्या वर्षाआधी घर बदललेली मुलं विशीच्या मध्यावर, मदत न मिळालेल्या कुटुंबांतल्या मुलांपेक्षा, सुमारे ३१ टक्के जास्त कमवत होती.

"तोवर माझ्या चार बदल्या झालेल्या असतील," साहेब म्हणाले, आणि खरंच हसले.

पुढच्या बॅचपासून नंबर न लागलेल्यांचे पत्ते आणि फोन जपून ठेवायचं ठरलं. त्यांना फोन करायचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा, यावर फाईल अजून फिरते आहे.