249 नाबाद

बुधवार, 8 जानेवारी 2025

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. नाना, माझे सासरे, झोपले. माझ्या स्वेटरला अजून गराडूच्या तळणाचा वास आहे, तो जायच्या आत लिहिते.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर ते हॉटेल आहे. पाटीवर काहीही असो, गल्लीतले सगळे नुसतं ‘अंपायरकडे’ म्हणतात. अंपायर म्हणजे मालक. पावणेअकरा वाजले की तो गल्ल्यामागे उभा राहतो आणि एक बोट वर करतो. स्वयंपाकघर बंद! मग कितीही अपील करा, निर्णय फिरत नाही.

तिथल्या टेबलांना एक, दोन, तीन असे नंबर नाहीत. जुन्या मैदानांवरच्या धावफलकाला असायचे तसे काळे पत्र्याचे आकडे प्रत्येक टेबलाच्या वर खिळ्याला टांगलेत. 219 दाराशी आहे, कारण सेहवागने 8 डिसेंबर 2011 ला इथल्या होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध वनडेत तेवढ्या धावा केल्या. 211 पंख्याखाली, ते कोहलीचे, 2016 मध्ये इंदूरला पहिली कसोटी झाली तेव्हाचे. 112 इंदूरच्याच मुश्ताक अलींचे, 1936 च्या मँचेस्टरचे; भारताकडून खेळताना परदेशात काढलेलं ते पहिलं कसोटी शतक. 443 वरून दर आठवड्याला वाद होतो. भाऊसाहेब निंबाळकरांनी ते 1948 मध्ये पुण्यात, महाराष्ट्राकडून केले, मग इथे कशाला? अंपायरचं उत्तर ठरलेलं: “भिया, आदमी तो होलकर से भी खेला ना!”

मधोमध लांब टेबल आहे, 912. त्याला बरोबर आठ खुर्च्या. इंदूर संस्थानाच्या होळकर संघाने रणजीत म्हैसूरविरुद्ध 8 बाद 912 वर डाव घोषित केला होता, आणि त्या एका डावात सहा जणांची शतकं होती. नववा माणूस आला की वेटर हात जोडून म्हणतो, “डिक्लेअर हो गया.” नववा मग उभा राहतो किंवा दुसरं टेबल शोधतो. मी स्वतः पाहिलंय, एका साखरपुड्याच्या पार्टीत नवऱ्या मुलालाच उभं राहावं लागलं होतं.

आज गराडू फार सुंदर होते. थंडी पडली की इंदूरला दुसरं काही सुचत नाही. कंदाच्या फोडी आधी एकदा तळून ठेवतात, मागणी आली की पुन्हा कडकडीत तळतात. वर लिंबू आणि जिरावण, इथला मसाला. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. दादरहून लग्न होऊन आले तेव्हा मला जिरावण म्हणजे चाट मसाल्याचाच प्रकार वाटायचा. आता पोह्यांवर ते नसलं तर घास उतरत नाही.

नाना एक पेग घेतात. एकच, पाण्यात, आणि तो दीड तास पुरवतात.

बुधवार, 15 जानेवारी

काल संक्रांत, आज शेजारी हळदीकुंकू. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता एक बाई म्हणाल्या, “सासऱ्यांना घेऊन बारमध्ये जातेस म्हणे?” आवाज गोड होता. मी “हो, दर बुधवारी” म्हणाले आणि वाण घेऊन घरी आले. पण तेव्हापासून मनात तेच चाललंय, म्हणून हे सगळं एकदा सुरुवातीपासून मांडते.

आई गेल्या त्याला आता दीड वर्ष होईल. हे पुण्याला नोकरीला, महिन्यातून एकदा येतात. घरात मी आणि नाना. दोघं एकाच घरात असून आमचं बोलणं म्हणजे, गोळी घेतलीत का? घेतली. दूध आलं का? आलं. नाना संध्याकाळी “बागेत जाऊन येतो” म्हणून निघायचे. मला वाटायचं, बरं आहे, पाय मोकळे होतात.

नोव्हेंबरात एकदा त्यांचा चष्मा घरी राहिला. मी तो घेऊन बागेत गेले. तिथे कोणी नाही. परतताना काचेतून दिसले. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्या टेबलाला एकच खुर्ची आहे. वर आकडा 249.

मी आत गेले नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येताना एकटीच गेले आणि अंपायरला विचारलं. तो म्हणाला, नानासाहेब रोज येतात, सोडा घेतात, कधी पेग, कोणाशी बोलत नाहीत. आणि मग त्याने त्या टेबलाची गोष्ट सांगितली. मार्च 1945, ब्रेबॉर्न स्टेडियम, रणजीची फायनल, मुंबई विरुद्ध होळकर. होळकरांना शेवटच्या डावात 867 धावा हव्या होत्या. युद्धाच्या काळात इंदूरजवळच्या महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता. समोरचे एकेक जण जात राहिले, तो 249 वर नाबाद राहिला, आणि होळकर 374 धावांनी हरले. “इसलिए एक ही कुर्सी रखी है, ताई. आउट नहीं हुआ, पर साथ में कोई बचा नहीं.”

रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी रडले.

पुढच्या बुधवारी नानांना म्हणाले, मला गराडू खायचेत, चला. त्यांनी ‘कुठे’ असं विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. वेटरने सवयीने जिन्याकडे हात केला, “फॅमिली ऊपर है.” वर बायका-मुलांसाठी हॉल आहे, खाली बार. नानांच्या गुडघ्यांना तो जिना झेपणार नव्हता. ते दारातच थांबून म्हणाले, “हम दोनों नीचे ही बैठेंगे.” अंपायरने आम्हाला 112 दिलं, भिंतीलगतचं, दोन खुर्च्यांचं. खाली त्या दिवशी मी एकटीच बाई होते. आता बुधवारी आणखी दोन-तीन जणी दिसतात.

लोक वाईट नाहीत तिथले. 1 एप्रिल 2023 पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांचे अहाते, म्हणजे दुकानालगत बसून प्यायच्या जागा, बंद झाले, तेव्हा तिकडची बरीच गर्दी इकडे आली. अंपायरने एकच नियम केला: शेजारच्या टेबलापर्यंत आवाज गेला की वाइड बॉल. तीन वाइड झाले की बिल हातात. बिलही स्कोअरबुकच्या कागदावर येतं, फलंदाजांच्या रकान्यात पदार्थ आणि खाली ‘एक्स्ट्रा’मध्ये पापड, सोडा, कांदा.

हे सगळं त्या बाईंना हळदीकुंकवात कसं सांगणार? आणि का सांगायचं?

बुधवार, 22 जानेवारी

आज उशीर झाला. ऑफिसमधून निघतानाच साडेआठ. नाना पुढे जाऊन बसले होते, आमच्याच टेबलावर, आणि समोरच्या खुर्चीवर त्यांनी मफलर ठेवली होती, कोणी बसू नये म्हणून.

भुट्ट्याचा कीस मागवला. घरी मी करते तो कधीच असा मऊ होत नाही. कोवळं कणीस किसून तुपात परतायचं आणि दूध पूर्ण आटेपर्यंत ढवळत उभं राहायचं, तेवढा धीर मला संध्याकाळी नसतो. आई करायच्या. नाना पहिला घास घेऊन म्हणाले, “तिच्यात हिंग जास्त असायचा.” दीड वर्षात आईंबद्दल त्यांनी आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य. मी चमचा खाली ठेवला. वाटलं आणखी बोलतील. नाही बोलले, पण कीस सगळा संपवला.

मग मीच म्हणाले, “नाना, मी आज बिअर घेऊ?” एकवीस वर्षांत त्यांच्यासमोर मी कधी घेतलेली नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “घे. फार गार नको मागवूस, घसा धरेल.”

टीव्हीवर कुठलीशी जुनी मॅच चालू होती, त्यावरून 2022 ची रणजी फायनल निघाली. 26 जूनचा तो रविवार मला लख्ख आठवतो. मध्य प्रदेश विरुद्ध मुंबई, आणि या घरात मी एकटी मुंबईची. शेवटच्या दिवशी मध्य प्रदेशला 108 हवे होते, चार गडी गमावून केले. पहिल्यांदाच रणजी जिंकली. आईंनी साखरेऐवजी जिलबी आणायला लावली होती. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मैदानावर रडले तेव्हा नानांचेही डोळे भरले होते. पंडित मुंबईचे, पण 1999 मध्ये त्याच बंगळूरच्या मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून फायनल हरले होते. “तेवीस वर्षं पोटात ठेवलं त्याने,” नाना आज म्हणाले.

आणि मग ते बोलतच राहिले. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढे बसून यशवंत क्लबच्या मैदानावर जायचे. मुश्ताक अली चेंडू पडायच्या आत पुढे सरसावायचे ते. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंना रस्त्यात पाहिलं की मुलं गप्प व्हायची ते. त्या 1945 च्या मॅचमध्ये मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतकं केली, 109 आणि 139, ती कोणाला आठवत नाहीत, सगळे कॉम्प्टनचंच सांगतात, याचं त्यांना खरंच वाईट वाटतं. हात हलवत, पेल्याने टेबलावर फील्डिंग लावत सांगत होते. पेग तसाच राहिला.

अचानक थांबून त्यांनी विचारलं, “तुझे आजोबा तेव्हा मुंबईतच ना? ब्रेबॉर्नला गेले असतील?”

मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. आजोबा दादरच्या चाळीत राहायचे, क्रिकेटचं वेड होतं, एवढंच ठाऊक.

इतक्यात बोट वर झालं. ताटलीत गराडूचे चार तुकडे उरले होते. वेटरने ते कागदात बांधले आणि न मागता जिरावणाची पुडी वर ठेवली. नानांनी बिल दिलं, मफलर माझ्या गळ्यात टाकली, म्हणाले, हवा बोचरी आहे.

आता माझ्या बाबांना मेसेज केलाय, 1945 च्या फायनलचं आजोबा काही सांगायचे का म्हणून. बाबा पाचला उठतात. उत्तर आलं की नानांना सकाळी पोह्यांबरोबर वाचून दाखवीन.