गागारिन, सफरचंदाचं झाड आणि माझी दुसरीतली लेक

मॉस्कोत 12 एप्रिल म्हणजे युरी गागारिन, अंतराळात गेलेला पहिला माणूस, त्याच्या उड्डाणाचा दिवस, शाळाशाळांत पुठ्ठ्याची रॉकेटं, त्याचं आता काही वाटत नाही. पण यंदा लेक वर्गात गागारिनची गोष्ट ऐकून आली आणि मी हादरलेच. मला वाटलेलं, हसरा चेहरा, नारिंगी सूट, 108 मिनिटांत पृथ्वीभोवती एक चक्कर, झालं. बाईंनी सुरुवातच युद्धापासून केली.

क्लुशिनो नावाचं खेडं, वडील सुतार, आई गोठ्यावर कामाला. 1941 मध्ये जर्मन आले, घर बळकावलं, मग हे सगळं कुटुंब घरामागे जमिनीत खड्डा खणून त्यात राहिलं, जर्मन जाईपर्यंत, आणि थंडी कुठली तर रशियातली! थोरला भाऊ आणि बहीण यांना सक्तीच्या कामाला धरून नेलं. आणि धाकट्या बोरिसला एका सैनिकाने त्याच्याच मफलरने सफरचंदाच्या झाडाला टांगलं, आईने सोडवला म्हणून वाचला. हे सात-आठ वर्षांच्या पोरांना सांगायचं? लेक जेवताना शांतपणे विचारते, मफलरने टांगलं तर गळा दुखतो ना? माझा घास तसाच राहिला.

रागारागाने आईला फोन केला, तर ती म्हणाली, अगं तुला अफझलखान सांगितला तेव्हा तू बालवाडीत होतीस, कोथळा काढला म्हटलं की टाळ्या वाजवायचीस.

आता यावर काय बोलणार! पण तरी मला वाटतं ते वेगळं आहे. आपल्या गोष्टीत महाराज जिंकतात, पोराला जोर चढतो, इथे पाच-सहा वर्षांचं लेकरू झाडाला लटकतंय. (नवरा म्हणतो खानाच्या पोरांना विचार. त्याला कोणी विचारलं होतं?)

बरं एवढं सगळं खरं सांगायचं तर पुढचंही सांगा ना. पुढे गाडी भरधाव: ल्युबेर्त्सीत ओतकाम शिकला, सारातोवला फ्लाइंग क्लब, मग एअरफोर्स, उंची जेमतेम 157 सेंटिमीटर, 1961 ला उड्डाण. पण पोरांना सगळ्यात आवडेल ते राहूनच गेलं. गागारिन यानात बसून उतरलाच नव्हता! सात किलोमीटरवर सीटसकट बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने खाली आला, शेतात एक आजी आणि तिची नात होती, त्या घाबरल्या. विक्रमाच्या नियमात वैमानिकाने यानातूनच उतरायला हवं होतं म्हणून सोव्हिएत सरकारने हे कित्येक वर्षं लपवलं. फास चालतो, लपवाछपवी नाही चालत.

तरी एक मान्य करते, सुताराचा पोरगा, ओतकाम करणारा कामगार, हे इथे अभिमानाने आधी सांगतात. आपल्याकडे आधी मार्क किती होते ते विचारतील.

राकेश शर्मांचं नाव मात्र वर्गात एकालाही माहीत नव्हतं. अरे, तो माणूस इथल्याच स्टार सिटीत, अंतराळवीरांच्या ट्रेनिंगच्या गावात शिकला, 3 एप्रिल 1984 ला सोयूझ यानातून गेला, सॅल्यूत 7 या अंतराळस्थानकावर योगासनं केली! गगनयानसाठी निवडलेल्या आपल्या चौघा अंतराळवीरांचं ट्रेनिंगसुद्धा गागारिनच्याच नावाच्या सेंटरमध्ये झालं. पुढच्या 3 एप्रिलला लेकीला वर्गात पाच मिनिटं बोलू द्या म्हणून बाईंना मेसेज केलाय. त्यांनी विचारलंय, शर्मांच्या लहानपणी काय घडलं होतं? शोधतेय, भयानक असं काही सापडत नाहीये.