तुम्ही विचारलंत म्हणून: कागदावरचे तास

"रिसर्च असिस्टंटची जागा मिळतेय. पैसे बरे असतात का हो?" नुकतंच एम.ए. किंवा एम.एस्सी. झालेलं कुणी ना कुणी हे विचारतंच. मी उलट विचारते, तास किती धरलेत?

माझी सुरुवात मुलाखती उतरवून काढण्यापासून झाली. कानाला हेडफोन, बोट पॉजवर. चार शब्द ऐकायचे, थांबवायचं, टाइप करायचं, पुन्हा मागे. मध्येच पंखा घरघरतो, दोघं एकदम बोलतात, आणि त्या एका वाक्यात दहा मिनिटं जातात. हात बसलेल्या माणसालाही तासाभराच्या बोलण्याला चारेक तास लागतात. मला सहा लागायचे. बजेटमध्ये धरले होते दोन, कारण प्रस्ताव लिहिणाऱ्यांनी स्वतः कधी एकही टेप उतरवली नव्हती. तासाचा दर चांगला होता. भागाकार केला तेव्हा हातात त्याचा तिसरा हिस्सा पडत होता.

वाढीव तास मागायला गेले. प्रकल्प चालवणाऱ्या मॅडम दुष्ट नव्हत्या. बजेटात उपकरणांच्या हेडखाली, म्हणजे त्याच खर्चासाठी, राखलेले पैसे पगाराकडे वळवायचे तर निधी देणाऱ्यांची परवानगी लागते, आणि तेवढ्यासाठी पत्रव्यवहार कोण करणार? "शिकायला मिळतंय ना," म्हणाल्या. मिळत होतं, हेही खरंच.

प्रकल्प तीन वर्षांचा, नेमणुकीचं पत्र सहा महिन्यांचं. मुदतवाढीचं पत्र उशिरा येतं, तोवर पगार नाही. काम मात्र चालूच. लॅबमधल्या मैत्रिणीचं तर विचारूच नका, वाढवायला ठेवलेल्या पेशींना रविवार कळत नाही.

तेव्हा जागा घ्या, पण आधीचा असिस्टंट कोण होता ते शोधून त्याला विचारा: लिहिलेले तास किती, खरे किती, पेपरवर, म्हणजे छापलेल्या शोधनिबंधावर, नाव आलं का. नावाचंही गणित असतं. वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांच्या समितीचे, आयसीएमजेईचे, निकष सांगतात की नुसता डेटा गोळा करून लेखक होता येत नाही. लेखनात किंवा मसुदा सुधारण्यात वाटा हवा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि जबाबदारीही हवी. हे सगळे ऐकवतात. त्याच निकषांत पुढे आहे, की डेटाचं भरीव काम केलेल्याला मसुदा वाचायची, सुधारायची संधी मिळायला हवी. ते मला कुणी वाचून दाखवलं नाही.

आमचा पेपर आला. मी आभारात आहे, आडनावाचं स्पेलिंग चुकलंय.