हेडमध्ये अडकलेला बोल्ट

गेल्या रविवारी साताऱ्यात घरासमोरच गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिनातील पाण्याचे तापमान राखणारी झडप) बदलताना त्याच्या झाकणाचा ६ मिलिमीटरचा बोल्ट आधी पान्याला मऊ लागला आणि मग कट असा आवाज होऊन त्याचे डोके माझ्या हातात आले. पोलादी बोल्ट वर्षानुवर्षे अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) राहिला, की ओलाव्याने दोन धातूंच्या सांध्यात पांढरट पूड साचते आणि आटे जखडतात. अशा वेळी जोर वाढवणे हीच चूक, आणि ती मी केली होती.

गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले. सकाळी ते नीट पुसून (ज्योतीजवळ तेल राहणे धोक्याचे आहे) भोवतालचा भाग तापवला, कारण उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मग बरोबर मध्यावर पंचाची खूण करून, ३ मिलिमीटरचे भोक पाडून उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर (तुटलेला बोल्ट बाहेर काढणारे हत्यार) अगदी सावकाश फिरवला. तो आत तुटला असता, तर त्याच्या कडक पोलादावर साधे ड्रिल चालले नसते आणि हेडच उतरवावे लागले असते.

पाव फेरा झाला, आणि पांढरी पूड सांडत तुकडा वर आला. टॅपने (आटे पाडणाऱ्या हत्याराने) भोकातले आटे साफ करून पोवई नाक्यावरून आणलेला नवा बोल्ट आधी हातानेच बसवला.