"किती टक्के?" याच्या पुढचा प्रश्न

लातूरच्या एका कॅथलॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. अँजिओग्राफी झाली की दाराशी थांबलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती टक्के हो?" म्हणजे ब्लॉकमुळे हृदयाची नस किती अरुंद झालीय. सत्तर ऐकलं की चेहरे उतरतात. औशाचे असोत की उदगीरचे, स्टेंट टाकायचाच असं मनात पक्कं होतं आणि पैशांची जुळवाजुळव सुरू होते.

पण हा आकडा बहुतेक वेळा नजरेचा अंदाज असतो. अँजिओत दिसते ती डायने भरलेल्या नसेची सावली. पुढच्या स्नायूला रक्त पुरतंय का, ते त्यात दिसत नाही. 50 ते 70 टक्क्यांच्या ब्लॉकवर तर अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. तिथं एफएफआर करावं, म्हणजे ब्लॉकच्या अलीकडचं आणि पलीकडचं प्रेशर मोजून त्यांचं प्रमाण बघावं, असं मला मनापासून वाटतं. ठिबक लावणारा शेतकरी शेवटच्या टोकाला प्रेशर येतंय का ते बघतो, तसंच हे.

परवाचे एक आबा. एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या मोठ्या नसेत, मधोमध ब्लॉक, दिसायला 70 टक्के. सरांनी प्रेशर मोजणारी बारीक वायर कॅथेटरच्या, म्हणजे आत घातलेल्या नळीच्या, तोंडाशी आणली, दोन्हींचं प्रेशर जुळवून घेतलं आणि वायर ब्लॉकच्या पलीकडे नेली. हृदयातला रक्तप्रवाह वाढवणारं ॲडेनोसिन हे औषध सुरू करण्याआधी मी सांगितलं, "आबा, आता छाती दाटल्यासारखी होईल, दम लागेल. औषध बंद केलं की लगेच जातं, घाबरू नका." पलीकडच्या प्रेशरची रेघ खाली सरकत गेली, आकडा 0.86 वर थांबला. म्हणजे अलीकडे 100 असेल तर पलीकडे 86. तो 0.80 किंवा त्याच्या खाली गेला असता तर स्टेंटचा विचार झाला असता.

"एवढा ब्लॉक तसाच ठेवून घरी न्यायचं?" मुलगा रडवेला झाला होता. त्याची भीती खरी होती. पण एफएफआरवरच्या 2009 च्या फेम अभ्यासात 1005 रुग्ण होते. त्यात 50 ते 70 टक्के दिसणाऱ्या ब्लॉकपैकी जेमतेम 35 टक्केच रक्त खरोखर अडवत होते. मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा प्रोसिजर, यांपैकी काहीतरी वर्षभरात घडलं ते नुसत्या अँजिओवर स्टेंट टाकलेल्या 18.3 टक्के रुग्णांत, आणि एफएफआर मोजून ठरवलेल्या 13.2 टक्क्यांत.

उलटंही होतं. पन्नास टक्के दिसणाऱ्या ब्लॉकचं एफएफआर 0.74 आलेलं मी पाहिलंय.

मोठा अटॅक येऊन नस पूर्ण बंद पडली असेल तर मात्र असं मोजत बसत नाहीत, ती तातडीनं उघडतात.

आबांच्या मुलाला मी बजावून सांगितलं, ब्लॉक गेलेला नाही. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी सरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि आबांची तंबाखू आजपासून बंद.