इतिवृत्तावर सही करण्याआधी

कॉलेजकडून आलेली नोटीस जेमतेम दोन ओळींची होती. ‘आपल्याविरुद्ध गैरप्रकाराची तक्रार आली आहे. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.’ कोणता गैरप्रकार, कोणता नियम, पुरावा काय, काहीच नाही. मैत्रीण म्हणाली, माफीनामा लिहून दे, मिटून जाईल. मी लिहायला बसलेही होते. पण माफीनामा म्हणजे कबुलीच, आणि ती फाइलमध्ये कायमची राहते.

मग उलट अर्ज केला: आरोपाचा तपशील आणि पुराव्याची प्रत द्या, त्यानंतर खुलासा देते. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. आठवड्याने माझ्या प्रकल्पाचा साम्य-अहवाल, म्हणजे इतरांच्या लिखाणाशी जुळणाऱ्या ओळी रंगवून दाखवणारा अहवाल, हातात पडला. त्यातली रंगवलेली एकेक ओळ रात्रभर तपासली. बरंचसं साम्य संदर्भसूचीत आणि सगळ्यांना सारख्याच दिलेल्या प्रश्नावलीत होतं. एका परिच्छेदाचा संदर्भ मात्र माझ्याकडून खरोखरच राहिला होता. खुलाशात तेही लिहिलं.

तक्रार करणारे सरच चौकशी समितीत होते. त्यांच्याच वर्गात शिकत असताना त्यांच्या नावावर हरकत घेणं मला सगळ्यात जड गेलं. पण फिर्यादी आणि न्यायाधीश एकच कसे चालतील? त्यांच्या जागी दुसरे प्राध्यापक आले.

प्रत्यक्ष सुनावणीची गरज नाही, असंही आधी सांगण्यात आलं. तेव्हा वाचलेलं उपयोगी पडलं. इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्यांचं म्हणणं न ऐकता काढल्या होत्या. १७२३ मध्ये न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं. बायबलमधल्या आदमलासुद्धा देवाने शिक्षेआधी बाजू मांडू दिली, असं तिथले एक न्यायाधीश म्हणाले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ मध्ये सांगितलं की, गैरप्रकारासाठी परीक्षा रद्द करण्याआधी परीक्षार्थींना बाजू मांडायची संधी द्यायलाच हवी. हे अर्जात घातलं आणि तारीख मिळाली.

सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. इतिवृत्त सहीसाठी पुढे आलं, त्यात वाक्य होतं: ‘विद्यार्थिनीने वाङ्मयचौर्य मान्य केले.’ मी एक संदर्भ राहिल्याचं मान्य केलं होतं, चोरी नव्हे. हात थरथरत होता, तरी सही थांबवली. समासात स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती लिहिली, मग सही केली, आणि त्या पानाची प्रत मागून घेतली.

आदेशात लेखी समज आणि परिच्छेद दुरुस्त करून प्रकल्प पुन्हा सादर करणं, एवढंच आलं. ते मला मान्य आहे. पण माझा निकाल चार महिने का रोखला, याचं कारण आदेशात कुठेच नाही. त्यावर मी अपील केलं आहे, मुदत संपायच्या दोन दिवस आधी.