घोडा पिन झाला की आधी त्याच्या मागे कोण आहे ते बघा

परवा माझी भाची तालुक्याच्या एका बुद्धिबळ स्पर्धेतून थेट आमच्याकडे आली, ओली छत्री पडवीत टाकली आणि काही न बोलता डाव लिहायची वही माझ्या हातात दिली. सहा राउंड होते, त्यातले दोन हरली आणि दोन्हीत गोष्ट एकच, समोरच्याच्या उंटाने तिचा घोडा पिन केला, म्हणजे तो हलला तर मागचा राजा किंवा वजीर उघडा पडेल असा अडकवला, आणि तिथून पुढे तिला काही सुचेनाच. अकरा वर्षांची पोर आहे, चांगली खेळते, पण घोडा अडकला की तिला वाटतं आता सगळं संपलं. मला ते फार लागलं, कारण मीही तिच्या वयात असाच घाबरायचो आणि मला हे नीट समजावून सांगणारं कोणी नव्हतं. वेंगुर्ल्यात पाऊस असा लागलाय की बाहेर पडायची सोयच नाही, मग काय, पडवीत पट मांडला आणि दोन संध्याकाळी आम्ही फक्त पिन झालेले घोडे बघितले.

आधी तिचा डाव सांगतो. ती काळ्याने खेळत होती. (अक्षर म्हणजे पटाचा उभा पट्टा, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आकडा म्हणजे आडवी ओळ, नुसतं घर लिहिलं की प्याद्याची खेळी, आणि आधी पांढरा मग काळा.) ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, डी३ घोडा एफ६, घोडा सी३ आणि इथे तिने कॅसलिंग केलं, म्हणजे राजा कोपऱ्याकडे नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणला. मग पांढऱ्याचा उंट आला जी५ वर. एफ६ चा घोडा हलला तर मागचा वजीर जातो, म्हणजे पिन. हिने एच६ केलं, उंट एच४ ला सरकला, हिने जी५ ढकललं. तिला कोणीतरी सांगून ठेवलंय की उंट अंगावर आला की प्यादी ढकलून हाकलायचा. अगं पण तुझा राजा त्याच प्याद्यांच्या मागे बसलाय ना! समोरच्या मुलाने घोड्याने जी५ वरचं प्यादं मारलं, हिने एचच्या प्याद्याने घोडा घेतला, उंटाने ते प्यादं खाल्लं आणि पिन होती तशीच परत, फक्त आता राजापुढची वई मोडलेली. एक घोडा देऊन त्याने दोन प्यादी आणि उघडा राजा घेतला. मग हिने डी६ केलं, त्याचा दुसरा घोडा डी५ वर आला, हिने घाबरून राजा जी७ वर आणला, त्याने वजीर एफ३ ला आणला. आता मोजा, एफ६ वर मारणारे तीन, उंट, घोडा आणि वजीर, आणि राखणारे दोन, वजीर आणि राजा. घोडा गेला, मग डावही गेला.

गंमत म्हणजे हेच एच६ आणि जी५ योग्य वेळी केलं तर फार छान खेळी आहे. काळ्याचा राजा अजून ई८ वरच आहे आणि पांढऱ्याने लहान बाजूला कॅसलिंग करून टाकलंय अशा वेळी खुशाल ढकला, उंट जी३ ला जाऊन बसतो, पिन सुटते आणि तुमची प्यादी त्याच्याच राजाच्या अंगावर चालायला लागतात. खेळी तीच, फरक फक्त राजा कुठे आहे याचा. हे तिला पटावर दोन्ही बाजूंनी मांडून दाखवलं तेव्हा तिचे डोळे जरा मोठे झाले. आणि तिच्या डावात साधा उपाय होता की, उंट जी५ ला आला तेव्हाच सी५ चा उंट ई७ ला परत आणायचा. एक खेळी वाया गेल्यासारखी वाटते पण घोडा मोकळा होतो, वजिरापुढे आता उंट उभा आहे. मग डी५ वर घोडा आला तर सरळ मारता येतो. त्याच्याही आधी, कॅसलिंगची घाई न करता पाचव्या खेळीलाच एच६ केलं असतं तर उंट जी५ ला आलाच नसता.

आता मूळ मुद्दा. घोडा पिन झाला की पहिला प्रश्न, त्याच्या मागे कोण आहे? राजा की वजीर? तात्या, म्हणजे माझे वडील, शेजारीच सुपारी कातरत बसले होते, त्यांनी तिला गोठ्यातलं उदाहरण दिलं. एक वासरू दाव्याने खुंट्याला पक्कं बांधलेलं असतं आणि एकाचं दावं नुसतं खुंट्याला गुंडाळलेलं असतं, लांबून दोन्ही सारखीच दिसतात, पण दुसऱ्याने हिसडा मारला की ते मोकळं. मागे राजा असेल तर घोडा हलूच शकत नाही, नियमच तसा आहे. मागे वजीर असेल तर हलू शकतो, फक्त वजीर द्यायची किंमत आहे, आणि कधी कधी ती किंमत परवडते!

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण वजिराच्या गॅम्बिटमधलं, म्हणजे सी४ चं प्यादं देऊ करून होणाऱ्या सुरुवातीतलं आहे. डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, उंट जी५, आणि काळा घोडा बी८ वरून डी७ ला आणतो. पांढरा सी चं प्यादं डी५ वर मारतो, काळा ई च्या प्याद्याने परत घेतो. आता पांढऱ्याला वाटतं, एफ६ चा घोडा तर पिन आहे, म्हणजे डी५ चं प्यादं फुकट. म्हणून तो घोड्याने डी५ मारतो. आणि काळा त्याच ‘पिन’ झालेल्या घोड्याने डी५ वरचा घोडा खातो! पांढरा आनंदाने डी८ वर वजीर घेतो आणि काळा बी४ वरून उंटाने शह देतो. राजाला जायला घर नाही, शह अडवायला एकच मोहरा, वजीर डी२ वर. उंट तो वजीर खातो, राजा उंट खातो, काळ्याचा राजा डी८ वरचा उंट खातो. हिशोब करा, एका प्याद्याच्या बदल्यात काळ्याला आख्खा मोहरा. भाचीने हे स्वतःच्या हाताने चार वेळा खेळून बघितलं.

नावाजलेले खेळाडू आणि बुद्धिबळावरचे लेखक निम्झोविच (१८८६–१९३५) यांनी पिन झालेल्या मोहऱ्याबद्दल सांगितलंय की त्याचं राखण हे फक्त दिसायला असतं, खरं नसतं. राजाच्या पिनला हे शंभर टक्के लागू. तुमचा घोडा राजापुढे अडकलाय आणि तुम्ही त्याच्या भरवशावर एखादं प्यादं ठेवलंय तर ते प्यादं गेलंच समजा. निम्झो-इंडियन नावाच्या सुरुवातीत काळा खेळाडू उंट बी४ वर आणून सी३ चा घोडा राजापुढे बांधतो ते याचसाठी, घोड्याचा ई४ वरचा ताबा ढिला करायला. तिथे पांढरा बरेचदा वजीर सी२ ला आणतो, म्हणजे ई४ वर लक्ष राहतं आणि उंटाने घोडा मारला तर वजिराने घ्यायचा, प्यादी दुहेरी, म्हणजे एकाच पट्ट्यात एकामागे एक, होत नाहीत. हे उत्तर मला फार समंजस वाटतं, त्यात पिन सोडवायची धडपडच नाही, पिनमुळे जे बिघडणार तेवढं सांभाळायचं. पण मागे वजीर असेल तर निम्झोविचचं वाक्य जपून वापरायचं, वरच्या डावात पांढरा तेच विसरला.

दुसरा प्रश्न, त्या घोड्यावर अजून कोण चालून येतंय? एकटा उंट पिन करून बसलाय आणि घोड्याला प्याद्याचा आधार आहे तर बसू दे की त्याला, आपण आपले मोहरे बाहेर काढावेत. खरा धोका दुसरा मारेकरी आला की सुरू होतो, डी५ वर घोडा किंवा ई५ वर प्यादं. ते यायच्या आधी उत्तर तयार पाहिजे, बस.

रुय लोपेझ नावाच्या सुरुवातीत पांढऱ्याचा उंट सी६ च्या घोड्यासमोर बी५ ला आला की मुलं ‘पिन, पिन’ ओरडतात, पण डी७ चं प्यादं मध्ये उभं आहे तोवर ती पिन नाहीच, डी६ केलं की मग होते. आणि ई५ चं प्यादं जाईल ही भीतीही लगेच धरायची गरज नाही. ए६ केल्यावर पांढऱ्याने सी६ चा घोडा मारून ई५ घेतलं तर काळा वजीर डी४ ला आणून प्यादं परत वसूल करतो.

शेवटी तिला लेगालची मात दाखवली. अठराव्या शतकातले पॅरिसचे लेगाल, फिलिडोर (१७२६–१७९५) यांचे गुरू. ई४ ई५, घोडा एफ३ डी६, उंट सी४ उंट जी४, घोडा सी३ जी६, आणि इथे पांढरा पिन झालेला घोडा उचलून ई५ वर मारतो. काळ्याने वजीर घेतला की उंट एफ७ शह, राजा ई७, घोडा डी५ मात. तीन साधे मोहरे आणि वजिराशिवाय मात! ती टाळ्याच वाजवायला लागली. मी म्हटलं थांब, जी६ च्या ऐवजी काळ्याचा घोडा सी६ वर आला असेल तर? ती लगेच घोडा ई५ वर मारायला निघाली आणि मी सी६ च्या घोड्याने तो खाऊन टाकला, माझा जी४ चा उंट त्याच घोड्याने राखला गेला. एक मोहरा गेला. मग आधी एच३ करून उंटाला विचारायचं, आणि तो एच५ ला गेला तरच मारायचं, तिथे त्याला कोणी राखत नाही. हे तिने बराच वेळ गप्प बसून बघितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली होती, कंदिलाच्या उजेडात ती तात्यांशी खेळायला बसली. तात्यांनी बरोब्बर जी४ वर उंट आणला आणि म्हणाले, “तुझो घोडो अडाकलो! आता काय करतलस?” सी६ वर त्यांचा घोडा होता. तिचा हात ई५ कडे गेला, मध्येच थांबला, परत मांडीवर आला. मग तिने एच३ केलं. तात्यांनी उंट एच५ ला घेतला. तिने घोडा उचलून ई५ वर ठेवला.

तात्या बराच वेळ पटाकडे बघत राहिले. वजीर घेतला तर मात, हे त्यांना दिसलं, म्हणून त्यांनी ई५ वरचा घोडा खाल्ला. हिने वजिराने एच५ चा उंट घेतला. तात्यांनी सी४ चा उंट खाल्ला, हिने बी५ वरून शह दिला, त्यांनी सी६ ने अडवला आणि हिने सी४ चा घोडा वेचला. एका प्याद्याने पुढे.

“गो बाय, ह्या खंय शिकलंस?” तात्यांनी विचारलं. तिने काहीच उत्तर दिलं नाही, वही उघडून ती खेळी लिहीत होती.